हिरडीच्या रंगाचे शिखर

ज्यांनी काही केलेले असते त्यांचे सत्कार होतात, हा एक भाबडा समज आहे. सत्कार त्यांचे होतात, ज्यांच्या नावाने सभागृह आधीच राखून ठेवलेले असते. माझ्या मेव्हण्यांचा सत्कार ठरला, पुष्पगुच्छाची मागणी नोंदवली गेली, आणि तो झाला नाही. शहरातल्या वर्तमानपत्राने त्याचे कारण ‘सत्कारमूर्तींची प्रकृती अचानक बिघडली’ असे छापले. मी दुरुस्तीचे पत्र पाठवले, मग स्मरणपत्र पाठवले. संपादकांची पोच आली, दुरुस्ती आली नाही. तेव्हा जे चार ओळींत भागले असते, ते आता सविस्तर लिहावे लागत आहे.

मेव्हणे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणतो. ते मला ‘अर्जदार’ म्हणतात, कारण पदपथापासून पाणीपट्टीपर्यंत या शहरात जे जे चुकीचे चालते, त्याविषयी मी संबंधितांना लेखी कळवत असतो. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. विभागप्रमुखपद दोनदा माझ्या डोक्यावरून उडी मारून पुढे गेले. पण तो या लेखाचा विषय नाही.

भाऊजींचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात. भाऊजी त्या ठशात प्लास्टर ओततात आणि त्यातून जबडा काढतात. जबड्यावर मेण चढते, मेणात दात बसतात, आणि शेवटी मेणाच्या जागी हिरडीच्या रंगाचे गुलाबी ॲक्रिलिक येते. गिऱ्हाइकाची आणि त्यांची गाठ कधी पडत नाही. घराच्या मागच्या खोलीत खिडकीखाली एक लांब टेबल आहे, त्यावर गॅसची शेगडी, मेणाचे डबे, घासकामाचे चाक, आणि प्लास्टरच्या धुळीने कायमचा पांढरा झालेला रेडिओ. भिंतीच्या कडेने जबडे मांडलेले असतात, उघडे, ओळीने, कोणीतरी विनोद सांगावा आणि सगळ्यांनी एकदम हसावे तसे. शहरातल्या निम्म्या प्रतिष्ठित तोंडांची त्यांना ओळख आहे, चेहऱ्यांची नाही. एखादा पुढारी व्यासपीठावर बोलू लागला की लोक भाषण ऐकतात, भाऊजी त्याची वरची डावी दाढ बघतात आणि म्हणतात, “बसलीय छान.” दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. भाऊजींचे भरले.

डोंगरांचे वेड त्यांना उशिरा लागले, मुलगी नोकरीनिमित्त दूर गेली आणि घर एकदम मोठे झाले तेव्हा. कारण विचारले तर म्हणत, “दिवसभर लोकांच्या तोंडात बघितल्यावर कुठंतरी लांबचं बघावंसं वाटतं.” हे कारण ऐकायला बरे आहे, पण आमच्या उत्तरेकडच्या रांगेवर वर्षाचे बहुतेक दिवस धुके असते, आणि तिथे लांबचे तर सोडाच, स्वतःच्या बुटाचे टोकही पुष्कळदा दिसत नाही. दुरून डोंगर साजरे ही म्हण आमच्याकडे लागू पडत नाही. दुरूनही ते दिसत नाहीत.

त्या रांगेत एका ठरावीक उंचीच्या वरची बावन्न शिखरे आहेत, पत्त्यांच्या जोडात असतात तितकी. जो बावन्नही चढेल त्याला इथला गिर्यारोहण संघ तांब्याचे पदक देतो. ती उंची कोणी आणि कशाच्या आधारे ठरवली, हा प्रश्न मी संघाला विचारला आहे. वीतभर ठेंगणे असल्यामुळे वगळला गेलेला एक डोंगर बावन्नांतल्या दहा डोंगरांपेक्षा अवघड आहे. उत्तर आले नाही. भाऊजींना विचारले तर ते म्हणाले, “अर्जदार, दात बत्तीसच का, असा अर्ज केलाय का कुणी आजवर?”

संघाचे चिटणीस म्हणजे एक निवृत्त टपाल अधिकारी. शिक्क्याशिवाय जगात काही घडते यावर त्यांचा विश्वास नाही. भाऊजी अगदी पहिल्या शिखराचा फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा मी बरोबर होतो. फोटोत पांढऱ्याखेरीज काही नव्हते.

“हे काय आहे?” चिटणिसांनी विचारले.

“शिखर आहे.”

“मला धुतलेली चादर दिसते.”

“चादरीच्या मागे शिखर आहे.”

“मग चादर वाळल्यावर या.”

कार्यालयातले सगळे हसले. भाऊजीही हसले, त्यांना स्वतःवरचा विनोद आवडतो, हा त्यांचा एक दोष आहे. पण पुढच्या वेळी डोंगरावर जाताना त्यांनी पिशवीत ठशाचा लगदा घेतला. दातांच्या कामात वापरतात तोच. दोन डब्यांत दोन रंगांचा असतो. दोन्हींचे गोळे एकत्र मळले की काही मिनिटांत रबरासारखा घट्ट होतो. भाऊजींनी माथ्यावरच्या सर्वांत उंच दगडाच्या टोकावर तो तळहाताएवढा दाबला, घट्ट झाल्यावर उचलला, घरी आणला, त्यात प्लास्टर ओतले, आणि दगडाचे हुबेहूब टोक चिटणिसांच्या टेबलावर ठेवले. “चादर वाळली,” म्हणाले. नियमावलीत दगडाच्या टोकाविषयी काहीच लिहिलेले नसल्यामुळे ते नाकारायचे कसे हे चिटणिसांना कळेना. त्यांनी त्यावर शिक्का मारण्याचा प्रयत्न केला. शाई प्लास्टरमध्ये पसरली.

तेव्हापासून हीच रीत पडली. स्वतः ज्या बाजूला उभे असत, त्या बाजूला भाऊजी लगद्यात नखाने एक खूण करीत, आणि साचा फळीवर ठेवताना ती खूण पुढे ठेवीत. मागच्या खोलीत, जबड्यांच्या वरच्या फळीवर शिखरे जमू लागली. त्यांची नकाशातली नावे भाऊजींच्या तोंडी कधी बसली नाहीत. एक ‘सुळा’ होता, एक ‘किडकी’ होती, एकाच डोंगराच्या खांद्यावरची दोन शेजारशेजारची शिखरे ‘पुढचे दोन’ होती, आणि सर्वांत आत, सर्वांत लांब, चढायला सर्वांत त्रासदायक असे जे होते ते ‘अक्कलदाढ’. ती त्यांनी शेवटाला ठेवली. “अक्कलदाढ शेवटीच येते,” म्हणत, “आणि येताना रडवते.”

ताई, म्हणजे माझी बहीण, दर वेळी पायथ्यापर्यंत जायची. बसथांब्याला एक पत्र्याची शेड आहे, तिथे थर्मास आणि विणकाम घेऊन बसायची आणि ते उतरून आले की चहा ओतायची. “ह्यांचं शिखर आणि माझा एक मोजा, बरोबर होतो,” असे ती सांगे. घरात मोजे पुष्कळ झाले.

अक्कलदाढ तेवढी राहिली आणि गुडघा गेला. उजवा. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेचे चित्र उजेडावर धरले आणि म्हणाले, “आता या गुडघ्याचीच कवळी करायची वेळ आली. हंगाम संपला की करून टाकू.”

“बसवल्यावर डोंगर?” भाऊजींनी विचारले.

“सपाटीवर चाला. हवं तेवढं चाला.”

“आणि बसवायच्या आधी?”

डॉक्टरांनी चित्र पाकिटात घातले. “एखादा चढ निघेल त्यातून. मी मात्र जा म्हटलेलं नाही.”

एखादा चढ, आणि एकच शिखर शिल्लक. हिशेब इतका चोख बसत होता की संघाने लगेच सभागृह राखले. पदकावर भाऊजींचे नाव आणि ‘बावन्न’ हा आकडा कोरूनही घेतला. चिटणीस स्वतः घरी येऊन सांगून गेले, आणि जाताना मला म्हणाले की शेवटच्या चढाईला साक्षीदार लागतो, पायाने धड आणि सहीला पक्का. तेव्हा तुम्हीच जा. ज्या संघाने माझ्या एकाही पत्राला उत्तर दिले नाही, त्याला माझी सही मात्र हवी होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी, भाऊजी दुकानातून पाव आणायला गेले असताना, ताईने मला मागच्या खोलीत बोलावले. तिच्या दोन्ही हातांत एकेक साचा होता.

“हे बघ.”

“बघितलं.”

“काय दिसतं?”

“दोन दगड.”

“बघ आणि मग बोल. कॉलेजात हेच शिकवतोस ना?”

तिने एक साचा टेबलावर ठेवला, दुसरा उलटा फिरवून त्याच्या शेजारी ठेवला. मग मला दिसले. दोन्हींच्या मधून एक फट जात होती, खाली तिला दोन फाटे फुटले होते, एका फाट्याच्या टोकाला वाटाण्याएवढा टवका उडालेला होता. दोन्हींत. कोणत्याही दोन दगडांना अशी एक फट असू शकते. तीच फट, तेच फाटे आणि तोच टवका असू शकत नाही. तो एकच दगड होता, दोन बाजूंना उभे राहून दाबलेला.

“कुठले आहेत हे?”

“पुढचे दोन.” ताईने आवाज खाली आणला. “दुसऱ्याला गेले तेव्हा पलीकडच्या बाजूने चढले होते ना? मधल्या खिंडीत धुक्यात वळण चुकलं असणार. पहिल्यावरच मागच्या बाजूने जाऊन आले.”

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“गेल्या वर्षी. झाडताना एक उलटा ठेवला गेला. झाडपूस मीच करते, ह्यांना फक्त ओतायचं माहीत.”

“आणि सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? ‘अहो, तुम्ही एकाच डोंगरावर दोनदा जाऊन आलात’? तेव्हाच गुडघा सुजायला लागला होता. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी पिशवी भरून निघाले असते.”

“मग आता मला का सांगतेस?”

“एकटीला पेलवत नाही म्हणून. आणि तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.”

“म्हणजे मी त्यांना सांगावं असं तुला वाटतं?”

“मला काही वाटत नाही,” ताई साचे पुसून जागच्या जागी ठेवत म्हणाली. “उद्या डबा घ्यायला विसरू नकोस.”

अक्कलदाढेची वाट पहिला पल्ला जंगलातून जाते आणि मग उघड्या दगडांवर येते. धुके पायथ्यापासूनच होते. धुक्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. वास्तविक धुके म्हणजे बाकी कशाचेही वर्णन करता न येणे. वाटेवरच्या खुणेच्या पाट्या संघाने बसवल्या आहेत. त्यांतल्या एकीवर बाण दोन्हीकडे आहेत, एकीवर बाणच नाही. भाऊजी पुढे होते. त्यांच्या काठीचा आवाज येई, मग डाव्या बुटाचा, मग जरा थांबून उजव्याचा. उजव्याच्या आधीचे ते थांबणे चढागणिक लांबत होते. मी मागून चालत होतो आणि सही करण्याच्या प्रश्नाचा विचार करत होतो. कागदावर ‘बावन्नही शिखरे सर केल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले व मानतो’ असे वाक्य होते. ‘प्रत्यक्ष पाहिले’ हे धुक्यामुळे खोटे, आणि ‘मानतो’ हे ताईमुळे.

माथ्याच्या अलीकडे एक दगडी निवारा आहे. आम्ही आत बसलो. भाऊजींनी उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून समोर पसरला, डबा उघडला आणि पावाच्या दोन कडा माझ्या हातात ठेवल्या.

“परवा सभागृहात विचारतील, आता पुढं काय?” ते म्हणाले. “मी सांगणार, पुढं काही नाही. बत्तिशी भरली. आता तोंड मिटून बसायचं.”

“भाऊजी,” मी म्हणालो, “पुढच्या दोन दातांचे साचे तुम्ही कधी शेजारी धरून पाहिलेत?”

“शेजारीच तर आहेत. फळीवर.”

“एक उलटा फिरवून?”

त्यांचे चावणे थांबले. मग त्यांचा उजवा हात वर आला आणि हवेतच, काहीतरी धरल्यासारखा, हळूहळू उलटा फिरला.

“फट,” ते म्हणाले. “डावीकडून येते. खाली दोन फाटे.”

“दुसऱ्यात उजवीकडून येते.”

“हं. आणि टवका.”

“तोही.”

बाहेर पाणी टपकत होते. मग त्यांनी विचारले, “कुणाला दिसलं? तुला नसणार.”

“ताईला. गेल्या वर्षी.”

“वर्ष झालं?” ते हसले. “वर्षभर रोज समोर बसून जेवतोय, आणि तिनं तोंडावर कळू दिलं नाही. मी दात ओळखतो रे, ओठ नाही ओळखत.”

त्यांनी माझ्या हातातून पावाच्या कडा परत घेतल्या, दगडावर उभ्या केल्या आणि मध्ये चमचा आडवा ठेवला. “इथून वर आलो. ही खिंड. इथं उजवीकडं जायला हवं होतं. वारा उजवीकडून होता, तोंडावर येत होता. वाऱ्याला पाठ दिली आणि चालत सुटलो.” त्यांनी बोट डावीकडे नेले. “गेलो आपला जुन्याच घरी. वर म्हणे, अवघड होतं हां हे.” मग त्यांनी दोन्ही शिखरे खाऊन टाकली.

“मला सही करायची आहे,” मी म्हणालो. “कागदावर बावन्न लिहिलंय.”

“मग करू नकोस.”

“तुम्ही म्हणालात तर...”

“मी कशाला म्हणू? अर्जदार, मी आयुष्यभर खोटे दात केले. पण घालणाऱ्याला माहीत असतं की ते खोटे आहेत. झोपताना काढून पेल्यात ठेवतो तो. न सांगता कुणाच्या तोंडात मी काही बसवलेलं नाही.”

“मग परत फिरायचं?”

“का? हा डोंगर कुठं खोटा आहे?”

माथ्यावर काहीच दिसले नाही. थंडीने लगदा घट्ट होईना, म्हणून त्यांनी गोळे आधी काखेत धरून ऊब दिली, मग मळले आणि दगडाच्या टोकावर दाबले. नखाची खूण केली. घट्ट झाल्यावरही हात लगेच उचलला नाही. उतरताना उभ्या दगडांवरून ते शिडी उतरावी तसे पाठमोरे उतरले, आणि मी खालून त्यांचा उजवा बूट धरून एकेका खाचेत ठेवत गेलो. शेडमध्ये ताईने आम्हा दोघांच्या तोंडाकडे पाहिले.

“सांगितलंस वाटतं.”

“तुला काही वाटत नव्हतं ना?” मी म्हणालो.

भाऊजी बाकावर टेकले. “चहा ओत,” ते तिला म्हणाले. “आणि पुढच्या वेळेपासून झाडताना सगळेच उलटे करून बघत जा.”

“पुढची वेळ कुठली आता?” ताई म्हणाली, आणि मग तिघेही बसची वाट बघत बसलो. बस उशिरा आली. त्याबद्दल मी कळवले आहे.

चिटणीस दुसऱ्या दिवशी अभिनंदनाला आले. जबड्यांच्या ओळीसमोरच्या स्टुलावर त्यांना बसवून भाऊजींनी दोन्ही साचे दाखवले आणि सांगितले, झाली ती एकावन्न, बावन्न नव्हे. चिटणिसांनी साच्यांकडे पाहिलेही नाही.

“अहो, पण पदकावर कोरून झालंय!”

“पुसा.”

“कोरलेलं पुसत नाही हो.”

“मग एकावन्न कोरा दुसऱ्यावर.”

“एकावन्नाला पदक नाही. नियमात बसत नाही.” चिटणीस खुर्ची ओढावी तसे स्टूल पुढे ओढून बसले. “असं बघा, तुम्ही चढलात बावन्न वेळा की नाही? पाय बावन्न वेळा दुखले की नाही? मग झालं तर. कुठल्या डोंगरावर दुखले याला कोण विचारतंय?”

“एक दाढ दोनदा बसवली म्हणून दोन दाढा होत नाहीत,” भाऊजी म्हणाले.

“धुक्यात कोणी बघितलंय?”

इथे माझ्याने राहवले नाही. “ज्या दिवशी ते खरोखर चढले होते, त्या दिवशी तुम्हाला चादर दिसली,” मी म्हणालो, “आणि आज जे शिखर ते चढलेलेच नाहीत, ते तुम्हाला लख्ख दिसतंय.”

“तुम्ही मध्ये बोलू नका. तुमचं काम सहीचं होतं, ते तुम्ही केलं नाहीत.” ते उठले. जाता जाता दाराशी थांबून म्हणाले, “सभागृहाचं काय सांगू आता?”

त्यांनी काय सांगितले ते वर्तमानपत्रात छापून आले. भाऊजींची प्रकृती बिघडलेली नव्हती. सत्काराच्या दिवशी त्यांनी एक पूर्ण कवळी करून पाठवली आणि दुपारी झोप काढली.

अक्कलदाढेचा साचा फळीवर गेला. पुढच्या दोनांतला दुसरा फळीवरून उतरला. तो फेकतील असे मला वाटले होते; त्यांनी तो टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सरकवला. टेबल डगमगायचे थांबले. फळीवर समोरच्या बाजूलाच एक रिकामी जागा राहिली, आणि ज्या खोलीत रिकाम्या जागा भरण्याचाच धंदा चालतो तिथे ती उगीचच जास्त दिसत असे.

मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ती बरी झाली असे डॉक्टर म्हणतात. रुग्णालयाच्या उद्वाहनाविषयी मी वेगळे लिहिले आहे. भाऊजी टेबलाशी बसत, पाय समोरच्या स्टुलावर, आणि काम करत. डोंगरांचा विषय ते काढत नसत. आम्हीही काढत नव्हतो.

एका सकाळी ताई माझ्या दारात उभी राहिली. अंगात भाऊजींचा जाड कोट, बाह्या दुमडलेल्या, हातात पिशवी, पिशवीत लगद्याचे दोन डबे.

“चल.”

“कुठे?”

“पुढच्या दातावर. दुसऱ्या.”

मी तिला समजावले. तू चढून ते शिखर त्यांचे होत नाही, हा साधा तर्क आहे. ज्याने चढायचे त्यानेच चढायचे असते; शिवाय तुझे वय बघ, हवा बघ.

“झालं तुझं?” ती म्हणाली. “झाडताना ती जागा रोज डोळ्यात येते माझ्या. आणि इतकी वर्षं शेडमध्ये बसून मी डोंगरांचे फक्त पाय बघितले. चल, बस जाईल.”

ती सावकाश पण न थांबता चढली, विणताना टाके घालते तशी. खिंडीत धुके इतके होते की पाटी हाताने चाचपून वाचावी लागली. वारा उजवीकडून होता, तोंडावर. आम्ही त्याच्यातच शिरलो. माथ्यावरच्या दगडाला फट नव्हती. कणीक मळावी तसा तिने लगदा मळला, भाऊजींपेक्षा सफाईने, आणि दगडाच्या टोकावर दोन्ही हातांनी दाबला. आजूबाजूला बघत म्हणाली, “हे बघायला यायचे होय हे?” आणि थोड्या वेळाने, “बरं आहे पण.”

घरी भाऊजींनी तो ठसा हातात घेतला, उजेडाकडे धरला, फिरवला. कुठून आला हे विचारावे लागले नाही.

“खूण कुठाय?” ते म्हणाले. “उभी कुठं होतीस?”

“डोंगरावर.”

“ते कळलं. कुठल्या बाजूला?”

“धुक्याच्या बाजूला. अहो, चारी बाजूंना तेच होतं. ओता आता मुकाट्यानं.”

ठशाच्या कडेला ताईच्या अंगठ्याची रेघ न् रेघ उमटली होती. भाऊजी ती खरवडून काढतील असे मला वाटले, कारण कामात त्यांना असले काही चालत नाही. त्यांनी ती तशीच ठेवली. मग प्लास्टरच्या गोणीकडे न जाता त्यांनी वरच्या कप्प्यातून गुलाबी ॲक्रिलिकची बाटली काढली.

“प्लास्टर संपलं का?” ताईने विचारले.

“गोणीभर आहे.”

“मग हे कशाला?”

“यावर मी चढलेलो नाही. बघणाऱ्याला दिसलं पाहिजे.”

“रंग काही बरा दिसणार नाही हं तिथं.”

“दिसायला कशाला बरा पाहिजे? जागा भरली म्हणजे झालं.” त्यांनी मिश्रण ढवळले आणि ठशात हळूहळू ओतले, बुडबुडा राहू नये म्हणून कडेने ठोकत. “आणि काढता येतो.”

आता फळीवर पांढऱ्या ओळीत समोरच एक गुलाबी शिखर आहे. येणारे लोक विचारतात, हे कसले, आणि भाऊजी सांगतात, ते आमच्या हिचे. त्याला पुढची-मागची खूण नसल्यामुळे ताई झाडताना ते उचलते आणि दर वेळी वेगळ्याच बाजूने परत ठेवते. भाऊजी ते बघतात आणि सरळ करत नाहीत.